जर, तर आणि अन्यथा : संगणकाच्या सशर्त विधानांचा परिचय

संगणक निर्णय घेतो, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. कर्जाचा अर्ज संगणकाने नाकारला, निकालपत्रकावर संगणकाने 'अनुत्तीर्ण' असा शेरा मारला, लाभार्थींच्या यादीतून संगणकाने नाव गाळले, अशी वाक्ये कचेऱ्यांतून आणि घराघरांतून कानी पडतात. वस्तुतः संगणकाला स्वतःची इच्छा नाही, की मत नाही. आपल्या स्मृतीत साठवलेली एक संख्या दुसरीपेक्षा मोठी आहे, लहान आहे, की तिच्याइतकीच आहे, एवढेच तो पाहू शकतो. त्या पाहणीचे उत्तर 'होय' आले तर आज्ञांच्या एका वाटेने आणि 'नाही' आले तर दुसऱ्या वाटेने तो चालू लागतो. वाट कोठे फुटावी आणि कोणी कोणत्या वाटेने जावे, हे आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाने आधीच ठरवून ठेवलेले असते. वाट फोडणाऱ्या या आज्ञेलाच सशर्त विधान म्हणतात.

आज्ञावली-लेखन शिकू लागलेल्या विद्यार्थ्याची या विधानाशी फार लवकर गाठ पडते. बेरीज-वजाबाकी करून उत्तर छापण्यापुरती आज्ञावली सरळ रेषेत जाते. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ असे करत ती संपते. परंतु व्यवहारातील कोणतेही काम असे सरळ रेषेत जात नाही. पस्तीस गुण मिळाले तर उत्तीर्ण, वीज-वापर ठरावीक युनिटांच्या पुढे गेला तर वरचा दर, मुदत टळली तर विलंब-आकार, अशा अटी आल्या की सशर्त विधान आले. दिसायला ही गोष्ट अगदी सोपी आहे. म्हणूनच नवशिक्यांच्या, आणि अनुभवी जाणकारांच्याही, कितीतरी चुका येथेच दडून बसतात.

बोलीतील 'तर' आणि यंत्रातील 'तर'

मराठी माणसाला 'जर-तर' नवा नाही. व्याकरणात शाळकरी मुलेही संकेतार्थ शिकतात : पाऊस पडला तर पीक येईल. मात्र बोलीतील संकेत आणि संगणकाचा संकेत यांत एक महत्त्वाचा भेद आहे. "पाढे पाठ केलेस तर खाऊ देईन," असे आई म्हणते, तेव्हा पाढे पाठ न झाल्यास खाऊ मिळणार नाही, हे न बोललेले अर्धे वाक्य मूल आपसूक समजून घेते. संगणक न बोललेले काहीही समजत नाही. 'जर'ची अट खोटी ठरली आणि 'अन्यथा'चा भाग लिहिलेला नसला, तर तो काहीही न करता पुढच्या ओळीकडे वळतो. 'अन्यथा' न लिहिणे हाही त्याच्या लेखी एक आदेशच असतो, आणि तो तितक्याच निष्ठेने पाळला जातो.

दुसरा भेद 'आणि' या शब्दाचा आहे. "महिला आणि ज्येष्ठ नागरिकांना सवलत राहील," असे परिपत्रकात छापलेले असते. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो : महिलांनाही सवलत, ज्येष्ठांनाही सवलत. हेच वाक्य विद्यार्थ्याने शब्दशः आज्ञावलीत उतरवून 'प्रवासी महिला असेल आणि ज्येष्ठ असेल तर सवलत' असे लिहिले, की फक्त वृद्ध स्त्रियांनाच सवलत मिळते. तरुण स्त्रिया आणि वृद्ध पुरुष दोघेही बाहेर राहतात. परिपत्रकातील 'आणि' हा तर्कशास्त्रात येथे 'किंवा' होतो. दोन्ही अटी खऱ्या असल्या तरच 'आणि' खरा ठरतो; दोहोंपैकी एक जरी खरी असली तरी 'किंवा' खरा ठरतो.

नकाराचे प्रकरण याहून फसवे आहे. ज्यांना सवलत नाही त्यांच्याकडून पूर्ण भाडे घ्यायचे, म्हणून 'प्रवासी महिला नसेल किंवा वय ६५ हून कमी असेल तर पूर्ण भाडे' असे लिहिले, तर सत्तर वर्षांच्या आजोबांनाही पूर्ण भाडे पडते, कारण ते महिला नाहीत. आणि चाळीस वर्षांच्या बाईंनाही पडते, कारण त्या ६५ च्या आतल्या आहेत. नकार आत शिरताना 'किंवा'चा 'आणि' होतो, हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन या ब्रिटिश गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्याचा जन्म १८०६ मध्ये आपल्या देशात, मदुराई येथे झाला होता. त्याचा समकालीन जॉर्ज बूल याने १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सत्य-असत्याची बीजगणिती मांडणी केली. आजच्या पुष्कळ संगणक-भाषांतील 'होय-नाही' प्रकारची राशी बूलच्याच नावाने ओळखली जाते.

एस.टी.च्या तिकिटाचे गणित

सशर्त विधानातील बारकावे समजून घेण्यासाठी एस.टी.च्या तिकिटाइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही; पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट; ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना मोफत प्रवासाची सवलत सुरू झाली, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना भाड्यात निम्मी सूट मिळू लागली. याशिवाय विद्यार्थी, दिव्यांग व अन्य घटकांच्या सवलती वेगळ्या आहेत. पण शिकण्यापुरत्या वरील पाच अटी पुरेशा आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी मूळ भाडे १०० रुपये धरू.

विद्यार्थी प्रथम जी आज्ञावली लिहितो ती बहुधा अशी असते. सर्वांत अलीकडे ऐकलेला नियम मनात ताजा असतो, म्हणून तो वर येतो :

जर प्रवासी महिला असेल तर भाडे = ५०
नाहीतर जर वय >= ७५ तर भाडे = ०
नाहीतर जर वय >= ६५ तर भाडे = ५०
नाहीतर जर वय < ५ तर भाडे = ०
नाहीतर जर वय < १२ तर भाडे = ५०
अन्यथा भाडे = १००

पाचही नियम आले आहेत, आकडे बरोबर आहेत, यंत्र कोणतीही तक्रार न करता ही आज्ञावली चालवते. आता ७८ वर्षांच्या आजीबाई गाडीत चढल्या असे समजा. पहिलीच अट खरी ठरली, भाडे ५० रुपये झाले, आणि 'नाहीतर'ने सुरू होणाऱ्या पुढच्या साऱ्या ओळींकडे संगणकाने पाहिलेसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या त्याच वयाच्या आजोबांचा प्रवास मात्र मोफत झाला. आणखी विचित्र गोष्ट अशी की, तीन वर्षांच्या जुळ्या बहीण-भावांपैकी भावाला तिकीट नाही आणि बहिणीला ५० रुपये! जो नियम महिलांना दिलासा देण्यासाठी झाला, त्यानेच येथे दोघींचे नुकसान केले. नियमात दोष नाही. दोष ओळींच्या क्रमात आहे.

हे टाळण्यासाठी दुसरा विद्यार्थी 'नाहीतर' काढून टाकतो आणि प्रत्येक सवलत स्वतंत्रपणे तपासतो :

भाडे = १००
जर प्रवासी महिला असेल तर भाडे = भाडे ÷ २
जर वय >= ६५ तर भाडे = भाडे ÷ २
जर वय >= ७५ तर भाडे = ०

आता आजीबाईंचे तिकीट बरोबर शून्य येते. पहिले भाडे ५०, मग २५, शेवटी शून्य. परंतु ६८ वर्षांच्या बाईंचे काय? त्यांचे भाडे एकदा महिला म्हणून निम्मे झाले, पुन्हा ज्येष्ठ म्हणून निम्मे झाले आणि २५ रुपयांवर आले. दोन सवलती एकावर एक चढवण्याचा नियम कोठेही नाही. येथे नुकसान महामंडळाचे आहे, आणि प्रवाशाची तक्रार येण्याचा संभव नसल्यामुळे ही चूक पहिल्या चुकीपेक्षा अधिक काळ लपून राहील.

या दोन आज्ञावल्यांतील फरक हाच या विषयाचा गाभा आहे. 'जर - नाहीतर जर - अन्यथा' ही एक साखळी आहे. तिच्यातून जाणारा प्रवासी कोणत्या तरी एकाच दारातून बाहेर पडतो, आणि जे दार प्रथम उघडे सापडेल त्यातूनच पडतो. याउलट सुट्या 'जर'ची रांग म्हणजे एकामागून एक नाकी. प्रत्येक नाक्यावर प्रवाशाला थांबावे लागते आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या हिशेबात काही बदल होऊ शकतो. नियम परस्परांना वगळणारे असतील तेव्हा साखळी वापरावी, आणि एकाच माणसाला अनेक नियम एकत्र लागू पडत असतील तेव्हा सुटे 'जर' लिहावेत. कोणते केव्हा, हे संगणकाच्या पुस्तकात सापडत नाही. ते परिपत्रकात शोधावे लागते, आणि तेथेही नसेल तर परिपत्रक काढणाऱ्याला विचारावे लागते.

साखळीच वापरायची ठरली, तर जी अट प्रवाशाला सर्वाधिक लाभ देते आणि ज्या अटीत थोडेच लोक बसतात ती वर, आणि जिच्यात पुष्कळ लोक बसतात ती खाली, असा क्रम येथे लावावा लागतो :

जर वय < ५ किंवा वय >= ७५ तर भाडे = ०
नाहीतर जर महिला असेल किंवा वय < १२ किंवा वय >= ६५ तर भाडे = ५०
अन्यथा भाडे = १००

सहा ओळींच्या तीन झाल्या. दुसऱ्या ओळीत 'वय ५ हून अधिक' असे पुन्हा लिहावे लागले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. पाचाखालील मूल पहिल्याच दारातून बाहेर पडल्यामुळे दुसऱ्या ओळीपर्यंत पोचणारे प्रत्येक मूल पाच वर्षांचे किंवा त्याहून मोठेच असते. वरच्या ओळीने जे गाळले, त्याची आठवण खालच्या ओळीला आपोआप राहते. ही सोय हातात आली की विद्यार्थी सुखावतो. पण पुढे कोणी ओळींची अदलाबदल केली तर तीच सोय घात करते.

सीमेवरचे प्रवासी

'पाच ते बारा वर्षे' म्हणजे काय? बाराव्या वाढदिवसाच्या दिवशी प्रवास करणारा मुलगा आत की बाहेर? 'पंच्याहत्तर वर्षांवरील' म्हणजे पंच्याहत्तर पूर्ण केलेले, की शहात्तरीत गेलेले? बोलण्यात या प्रश्नांकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. आज्ञावलीत मात्र '>' आणि '>=' या दोन चिन्हांपैकी एक निवडावेच लागते, आणि त्या एका आडव्या रेघेवर एखाद्या माणसाचे वर्षभराचे तिकीट अवलंबून राहते. वरील आज्ञावलीत बारा वर्षे पूर्ण होईपर्यंत अर्धे तिकीट आणि पंच्याहत्तर पूर्ण होताच मोफत प्रवास, असा अर्थ घेतला आहे.

जुन्या पिढीतील पुष्कळ माणसांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी पडलेली आहे, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहून टाकली. अशी माणसे दरवर्षी एकाच दिवशी सीमा ओलांडतात. सीमेवरचा प्रवासी हा अपवादात्मक प्राणी नव्हे, हे ध्यानात येण्यास एवढे पुरे आहे.

म्हणून आज्ञावलीची चाचणी घेताना तीस-चाळीस वर्षांचे मधले प्रवासी निवडून उपयोग नाही. ४ आणि ५, ११ आणि १२, ६४ आणि ६५, ७४ आणि ७५ ही आठ वये घ्यावीत. प्रत्येक वयाचा एक पुरुष आणि एक स्त्री, असे सोळा प्रवासी होतात. प्रत्येकाचे भाडे आधी कागदावर हाताने काढावे आणि मगच संगणकाला विचारावे. वर दिलेली पहिली आज्ञावली या सोळांपैकी ४ वर्षांची मुलगी आणि ७५ वर्षांची आजी या दोघींपाशी अडखळते. उरलेल्या चौदांचे उत्तर ती अगदी बरोबर देते. चाचणीला चौदाच जण बोलावले असते, तर आज्ञावली निर्दोष ठरली असती.

दोन्ही नव्या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत, हा नियमही येथे आठवावा. कोल्हापूरहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून पणजीला निघालेल्या बाईंसाठी विद्यार्थी चटकन 'आणि प्रवास राज्यातला असेल तर' अशी अट जोडतो, आणि त्या बाईंची हद्दीपर्यंतची सवलतही घालवून बसतो. येथे हवी आहे ती नवी अट नव्हे. हद्दीच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी अंतराची दोन भागांत विभागणी करून प्रत्येक भागाचे भाडे वेगळे काढणे, हा त्यावरचा उपाय. जेथे हिशेब बदलायचा तेथे अट घालणे, ही नवशिक्यांची आवडती सवय आहे.

या आज्ञेचा थोडा इतिहास

वाट बदलण्याची ही शक्ती सर्वच गणनयंत्रांत आरंभापासून नव्हती. चार्ल्स बॅबेजने एकोणिसाव्या शतकात कल्पिलेल्या विश्लेषक यंत्रात ती योजलेली होती. पण ते यंत्र पूर्ण झाले नाही. जर्मनीतील कोनराड त्सुझे याने १९४१ मध्ये उभारलेले 'झेड-३' हे यंत्र छिद्रे पाडलेल्या फितीवरून आज्ञा वाचून आपोआप गणिते करी. परंतु उत्तर पाहून वाट बदलण्याची आज्ञा त्यात नव्हती. फितीवर जे असेल ते क्रमाने करायचे, एवढेच त्याला ठाऊक होते.

१९५७ मध्ये आयबीएमने प्रसृत केलेल्या फोरट्रान या भाषेत अट लिहिण्याची रीत आजच्या मानाने चमत्कारिक होती. कंसात एक गणिती राशी द्यायची आणि पुढे तीन ओळींचे क्रमांक : राशी ऋण आली तर पहिल्या क्रमांकाच्या ओळीकडे, शून्य आली तर दुसऱ्या, धन आली तर तिसऱ्या. आजीबाईंचे तिकीट त्या रीतीने असे लिहावे लागले असते :

इफ (वय − ७५) २०, ३०, ३०

वाचायला ही पद्धत बोजड होती आणि लांब आज्ञावलीत क्रमांकांचा गुंता होई, हे खरे. तथापि तिच्यात एक गुण होता : बरोबर पंच्याहत्तर असलेल्याचे काय करायचे, हे तिसरा क्रमांक लिहिल्याशिवाय सुटकाच नसल्यामुळे लिहिणाऱ्याला ठरवावेच लागे. आजच्या सुटसुटीत पद्धतीत हा प्रश्न विचारला जात नाही. अल्गोल-६० या भाषेने 'जर-तर-अन्यथा' ही वाक्यासारखी रचना रूढ केली. फोरट्रानमध्ये ती १९७७ च्या प्रमाणित आवृत्तीत आली, आणि तो तीन वाटांचा 'इफ' २०१८ च्या आवृत्तीतून रजा देऊन काढण्यात आला. दरम्यान १९६६ मध्ये बोम आणि याकोपिनी या दोघा इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते की, क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचनांनी कोणतीही गणनप्रक्रिया मांडता येते. त्यांतील 'निवड' म्हणजेच सशर्त विधान. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा 'टिफ्रॅक' संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी-३६०० हा मोठा संगणक आला, हा आपल्याकडील या विद्येच्या आरंभीचा काळ होय.

'अन्यथा' विसरला तेव्हा

आता जाणकारांनी केलेल्या चुकांकडे वळू. लीप वर्षाचा नियम शाळेत सर्वांनीच पाठ केलेला असतो. चाराने भाग जाणारे वर्ष लीप. पण शंभराने भाग गेल्यास नाही. पण चारशेने गेल्यास पुन्हा होय. १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते. आज्ञावलीत हा नियम उलट्या क्रमाने लिहिणे सोयीचे असते : आधी चारशे, मग शंभर, मग चार, आणि शेवटी 'अन्यथा नाही'. येथेही एस.टी.च्या तिकिटासारखीच गोष्ट घडते. अपवादाचा अपवाद सर्वांत वर जातो.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'झून' या संगीत ऐकण्याच्या यंत्राच्या ३० जीबी क्षमतेच्या प्रकाराला ३१ डिसेंबर २००८ रोजी या वर्षानेच ग्रासले. आतील घड्याळ ठरावीक दिवसापासून किती दिवस लोटले हे मोजी, आणि त्यावरून वर्ष काढण्यासाठी पुढील कृती वारंवार करी. शिल्लक दिवस ३६५ हून अधिक आहेत तोवर : वर्ष लीप असेल, तर, दिवस ३६६ हून अधिक असल्यास, ३६६ वजा करून वर्ष एकाने वाढवायचे, लीप नसेल तर ३६५ वजा करून वर्ष वाढवायचे. वाचताना यात काही खटकत नाही. २००८ हे लीप वर्ष होते आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. ३६६ हे ३६५ हून अधिक, म्हणून कृती सुरू राहिली. वर्ष लीप, म्हणून आतली अट तपासली. पण ३६६ हे ३६६ हून अधिक नाहीत, म्हणून वजाबाकी झाली नाही. आतल्या 'जर'ला 'अन्यथा' नव्हता. यंत्र काहीच न करता पुन्हा वर गेले, पुन्हा तीच अट, पुन्हा काहीच नाही. असे ते फिरत राहिले आणि जगभरची ती यंत्रे एकाच दिवशी बंद पडली. बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि १ जानेवारीला यंत्र पुन्हा सुरू करावे, असा सल्ला कंपनीला द्यावा लागला. आतल्या अटीला 'अन्यथा येथेच थांब' एवढी जोड असती, तर हा प्रसंग आला नसता.

एका चिन्हाची करामत याहून गंभीर आहे. सी या भाषेत '=' म्हणजे 'किंमत भर' आणि '==' म्हणजे 'समान आहे का ते पाहा'. नवशिका विद्यार्थी अटीत दुसऱ्याऐवजी पहिले चिन्ह लिहितो. तपासणी होण्याऐवजी किंमतच बदलून जाते, आणि यंत्र मुकाट्याने पुढे चालते. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीच्या एका प्रतीत कोणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. त्यांत 'वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का' अशी तपासणी असल्याचे भासत होते; प्रत्यक्षात एकच '=' असल्यामुळे त्या ओळीने वापरकर्त्याचा क्रमांक शून्य केला जात होता, आणि शून्य क्रमांक हा सर्वाधिकारी व्यवस्थापकाचा असतो. मूळ प्रतीशी ताळा घेताना ही लबाडी लगेच पकडली गेली. विद्यार्थ्यांच्या नित्याच्या चुकीचा असा पांघरुणासारखा उपयोग करणारा माणूस कोण, हे कधीच उघड झाले नाही. पायथन या भाषेत अटीच्या जागी एकेरी '=' लिहिल्यास आज्ञावली चालतच नाही; आरंभासाठी ती भाषा निवडण्याचे हे एक चांगले कारण आहे.

दुसरे कारण ओळींच्या मांडणीचे. 'तर'च्या अधिकारात किती ओळी येतात, हे सी भाषेत महिरपी कंसांनी दाखवतात. एकच ओळ असेल तर कंस गाळण्याची मुभा असते. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीच्या फोन व संगणकांतील सुरक्षा-आज्ञावलीत असे आढळले की, 'जर'खालची एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली आहे. कंस नसल्यामुळे पहिलीच ओळ अटीच्या अधिकारात होती. दुसरी, डोळ्यांना तशीच आत सरकलेली दिसत असूनही, बिनशर्त चालत होती आणि पुढची सहीची तपासणी ओलांडून थेट शेवटाकडे उडी मारत होती. पायथनमध्ये ओळ आत सरकवणे हेच कंसाचे काम करते. डोळ्यांना जे दिसते तेच यंत्राला कळते. शिवाय '६५ <= वय < ७५' हे वहीतल्याप्रमाणे लिहिलेले पायथनला कळते. सी भाषा मात्र आधी '६५ <= वय' याचे उत्तर १ किंवा ०, असे काढते, आणि मग तो १ किंवा ० हा ७५ हून लहान आहे का, असे विचारते; तो नेहमीच लहान असतो, त्यामुळे अट कधी खोटी ठरत नाही. पायथनच्या आजच्या आवृत्तीत राशींना 'वय', 'भाडे' अशी देवनागरी नावे देता येतात, हेही मराठी शाळांतील शिक्षकांनी करून पाहावे. 'इफ', 'एलिफ', 'एल्स' हे शब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात.

कागदावरचा संगणक

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक टप्प्याआधीच मुलांना आज्ञावली-लेखनाची ओळख करून द्यावी, असे सुचवले आहे. सशर्त विधान शिकवण्यासाठी प्रत्येक मुलापुढे यंत्र असलेच पाहिजे असे नाही. फळ्यावर प्रवाहचित्र काढावे. त्यातील निर्णयाची चौकट शंकरपाळ्याच्या आकाराची असते, आणि तिच्या दोन टोकांतून 'होय' व 'नाही' अशा दोन रेघा निघतात. मग एका मुलाने प्रवासी व्हावे, दुसऱ्याने वाहक व्हावे, आणि वाहकाने फळ्यावरील ओळींपलीकडे स्वतःची अक्कल मुळीच वापरू नये. ही शेवटची अटच अवघड असते. आजीबाईंकडे पन्नास रुपये मागताना मुलगा थबकतो, आणि चूक कोठे आहे ते वर्गाला कळते. रस्त्यावरचा खरा वाहकही असाच थबकला असता. यंत्र थबकत नाही.

माहितीच नसेल तर

आतापर्यंत प्रवाशाचे वय ठाऊक आहे असे गृहीत धरले. व्यवहारात ते नेहमी ठाऊक असतेच असे नाही. ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी राज्यात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. अशा एखाद्या योजनेच्या अर्जांची प्राथमिक छाननी करणारी आज्ञावली विद्यार्थ्याने सरावासाठी लिहिली आहे असे समजा :

जर वय >= ६५ तर 'पुढील छाननीस पात्र'
अन्यथा 'अपात्र'

दोनच वाटा, कोठेही फट नाही. आता एका अर्जात वयाची जागा कोरी आहे. कोऱ्या जागेची नोंद पुष्कळदा शून्य म्हणून होते. शून्य हे ६५ हून कमी, म्हणून अर्जदार 'अन्यथा'च्या वाटेने जातो आणि त्याच्या नावापुढे 'अपात्र' उमटते. एस.टी.च्या आज्ञावलीत हाच कोरा रकाना पाच वर्षांखालचे मूल ठरून मोफत प्रवास करतो. ज्याच्याविषयी काहीच माहिती नाही तो एका ठिकाणी लाभार्थी आणि दुसऱ्या ठिकाणी वंचित! 'अन्यथा' हा शब्द 'ज्यांचे वय ६५ हून कमी आहे ते' असा वाचला जातो. वास्तविक त्याचा अर्थ 'वरच्या अटीत जे बसले नाहीत ते सगळे' असा आहे, आणि त्या सगळ्यांत तरुण, चुकीने नोंदलेले, अर्धवट भरलेले आणि विसरलेले असे सारेच येतात.

ज्या वृद्ध माणसाचा अर्ज दुसऱ्या कोणी भरून दिला आहे आणि ज्याच्याजवळ जन्माचा दाखला नाही, त्याच्याच अर्जात वयाचा रकाना कोरा राहण्याचा संभव अधिक. म्हणजे ज्याला मदतीची गरज जास्त, तोच 'अन्यथा'त पडण्याची शक्यताही जास्त. 'अपात्र' हा शेरा पाहून तो दुसरा दाखला शोधायला जाणार नाही; 'माहिती अपुरी' असे त्याला कळले तर कदाचित जाईल. म्हणून आज्ञावली पुढीलप्रमाणे लिहावी, आणि चाचणीच्या अर्जांत वय ६४, वय ६५, वय १५०, उणे चिन्ह लागलेले वय आणि वयाचा रकाना कोरा, असे पाचही अर्ज ठेवावेत :

जर वय नोंदलेले नसेल तर 'माहिती अपुरी, अर्जदारास कळवावे'
नाहीतर जर वय <= ० किंवा वय > १२० तर 'नोंद तपासावी'
नाहीतर जर वय >= ६५ तर 'पुढील छाननीस पात्र'
अन्यथा 'वयाच्या अटीत बसत नाही'